कपाटाची दुसरी किल्ली

वॉटफर्ड,
१४ मे २००६

ती. मुरलीधरमामा,
सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडत बोलता येत नाही, म्हणून पत्र. खरं तर आज ओरडलेच असते.

आधी चांगली बातमी. पोलिसांकडून माझं शॉटगन सर्टिफिकेट आलं. तुम्ही एप्रिलमध्ये येऊन भिंतीत बसवून दिलेलं लोखंडी कपाट अधिकाऱ्यानं दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. एक किल्ली माझ्या गळ्यात आणि दुसरी तुमच्याकडे, कारण तुमच्याकडे स्वतःचं सर्टिफिकेट आहे, हे त्यानं लिहून घेतलं. तिसऱ्या कुणाच्या हाती ती किल्ली जाणार नाही, असं मी सही करून दिलं आहे.

आता राग. तुम्हाला माहीत आहे, मी प्रायरसाहेबांच्या शेतीवर पिकांची देखरेख करते. हिवाळ्यात रानकबुतरांचे थवे उतरतात आणि रेप या तेलबियांच्या पिकाची कोवळी पानं देठापर्यंत खातात. ती मारायचं काम आजवर टेरी आणि त्याचा मेहुणा करत आले. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं. प्रायरसाहेब म्हणाले, "नोव्हेंबरपासून पूर्वेकडच्या शेतांची कबुतरं तू सांभाळून दाखव, तर नोकरी कायमची." म्हणून बंदूक हवी, आणि हिवाळ्याआधी हात बसावा म्हणून उन्हाळाभर क्लेवर, त्या उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर, सराव करायचा आहे.

काल क्लेच्या मैदानावर गेले. मला सेमी-ऑटो घ्यायची आहे म्हटल्यावर शिकवणारा हसला. म्हणाला, "नेम नसेल तर तिसरी गोळी कामाला येते खरी." तिथून दुकानात गेले. विक्रेत्यानं विचारलं, "नवऱ्यासाठी का?" नाही म्हटल्यावर त्यानं दस्त्यावर फुलं कोरलेली एक नाजूक बंदूक पुढे केली. मी शेतकीची पदवीधर आहे हो! आई अजून माझी मार्कशीट पाहुण्यांना दाखवते, आणि हा माणूस मला फुलं दाखवतो.

तुम्ही तीस वर्षं लंडनच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून साहेबांच्या बंदुका दुरुस्त केल्यात. मला स्पष्ट सांगा. क्लेची हलकी काडतुसं चालली पाहिजेत, कबुतरांवर दिवसाला शंभर बार काढले तरी खांदा राहिला पाहिजे, आणि चिखलात ती अडकता कामा नये. अशी सेमी-ऑटो असते का?

तुमची,
चैत्राली

*

इल्फर्ड,
२२ मे २००६

चि. चैत्राली,
आशीर्वाद.

असते. पण ती दुकानातल्या काचेतून पाहून कळणार नाही, खांद्याला लावून कळेल.

सेमी-ऑटो दोन जातीच्या. एक गॅसवर चालते. बार झाला की नळीतला थोडा गॅस मागे वळतो, दट्ट्याला ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत येतं. त्यात धक्क्याचा बराच भाग जिरतो. दुसरी नुसत्या धक्क्यावर चालते. तिच्यात भाग कमी, घाण कमी, पण खांद्याला ठोसा जास्त, आणि हलकं काडतूस घातलं तर कधीकधी तिला ते पुरत नाही. तू एकवीस ग्रॅमची हलकी काडतुसं क्लेवर उडवणार आणि जड कबुतरांवर. गॅसवाली घे. बारा बोअरच घे. वापरलेली चालेल. दट्ट्या काढून दाखवा म्हण. विक्रेत्याला काढता आला नाही तर त्या दुकानातून बाहेर पड.

दस्ता खांद्याला लावून डोळे मीट, मग उघड. नळीवरची पट्टी डोळ्यासमोर सरळ दिसली पाहिजे. दिसली नाही तर दस्ता कापून घ्यावा लागेल. तुझ्या उंचीला लागेलच. तो मी कापून देईन.

दुकानदारानं मैदानावर नेऊन पाच बार काढून दाखवले तर हसून घे आणि पन्नास काढ. हलके पंचवीस, जड पंचवीस. एकदा जरी अडकली तरी परत दे. आणि त्या शिकवणाऱ्याला सांग की कायद्यानं तुझ्या बंदुकीत तीनच काडतुसं मावतात, त्याच्या दुनळीत दोन. त्या एका काडतुसावर त्याची अब्रू अवलंबून असेल तर अवघड आहे. मात्र त्याची एक तक्रार खरी आहे. दुनळी बिजागरीवर मोडून, उघडी हातात धरली की लांबूनही कळतं की ती रिकामी आहे. तुझी कळत नाही. म्हणून बार संपले की बोल्ट, ती नळीमागची सरकती खिट्टी, मागे ठेवायचा आणि आत लाल फीत लावायची. नेहमी.

तेल कमी. जास्त तेलावर काजळी बसते. प्रत्येक वेळी, वापरायच्या आधी आणि नंतर, उघडून पाहायची. आणि कानांवर मफ्स आधी, बंदूक नंतर. मी कापसाचे बोळे घालून तीस वर्षं काढली. आता तुझी मामी माझ्याशी पाटीवर खडूनं भांडते.

मुरलीधरमामा

*

वॉटफर्ड,
१९ जून २००६

ती. मामा,
सा. न.

घेतली! इटालियन, गॅसवाली, सहा वर्षं वापरलेली. दट्ट्या काढून दाखवा म्हटल्यावर दुकानातल्या आजोबांनी चष्मा लावला आणि मला "मॅडम" म्हणायला लागले. साठ बार काढले, एकदाही अडकली नाही. तुम्ही दस्ता कापून दिल्यापासून ती माझ्या गालाला अशी लागते की जणू माझ्यासाठीच घडवली.

शनिवारी पंचवीसपैकी एकोणीस चकत्या फोडल्या. शिकवणाऱ्यानं गुणांचा कागद पुन्हा मोजून पाहिला. मी लाल फीत लावून त्याच्या समोरून दोनदा गेले.

बाबांनी बंदूक लांबूनच पाहिली. हात लावू का म्हणाले. मी म्हटलं, नको, नियम आहेत.

चैत्राली

*

वॉटफर्ड,
५ नोव्हेंबर २००६

मामा,
सा. न.

तुमची "न अडकणारी" बंदूक काल अडकली.

कबुतरांचा पहिला दिवस होता. सकाळी सातपासून कुंपणाच्या आडोशाला बसले. समोर प्लॅस्टिकची फसवी कबुतरं मांडलेली. वारा बरोबर, थवा उतरला. पहिला बार, एक पडलं. दुसरं काडतूस अर्धवट वर आलं आणि तिथेच थांबलं. बोल्ट ना पुढे ना मागे. मी ओढते आहे आणि डोक्यावरून शंभरेक कबुतरं निवांत जाताहेत. मागे प्रायरसाहेब उभे आणि शेजारी टेरी. टेरी म्हणाला, "जॅमची बरणी आणलीस, पाव विसरलीस." मेहुण्याला इतकं हसू आलं की तो खाली बसला.

मामा, मी तुमच्यावर विसंबले होते. दुकानदाराच्या तोंडावर मी तुमचं नाव सांगून बोलले. गॅसवाली घाणीनं अडकते हे सगळे सांगत होते, तुम्ही मात्र घे म्हणालात. सप्टेंबरच्या शेवटी क्लेवर नेली तेव्हा ठीक होती. घरी येऊन साफ करून ठेवली. मग पेरण्यांची घाई होती, म्हणून काल थेट शेतावरच काढली.

साहेबांनी पुढचा शनिवार दिला आहे. अकरा तारीख. त्या दिवशी अडकली तर पूर्वेकडची शेतं टेरीची आणि मार्चनंतर मी घरी. बंदूक परत करू का? लवकर लिहा.

चैत्राली

*

इल्फर्ड,
६ नोव्हेंबर २००६

चि. चैत्राली,
आशीर्वाद.

बंदूक चांगली आहे. मी स्वतः उघडून पाहिलेली बंदूक आहे ती. महिन्यानं काढलीस तर न तपासता शेतावर नेलीस कशी? मी काय लिहिलं होतं? वापरायच्या आधी उघडायची. साहेबांच्या पोरांना हे सांगून थकलो, आता तुला सांगू?

आजच पूर्ण खोल. दट्ट्या, पुढची लाकडी पकड, आणि काडतूस वर उचलणारी पट्टी, तिच्या खालीसुद्धा बघ. कोमट पाण्यानं पूस, कोरडं कर, मग तेलाचा हात. आत काही चिकटलेलं निघालं तर फेकून दे. मला कळवत बसायची गरज नाही. पुन्हा अडकणार नाही.

मुरलीधरमामा

*

वॉटफर्ड,
७ नोव्हेंबर २००६

मामा,

आज नमस्कार लिहिण्याची इच्छा नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा विचित्र वाटलं. बंदुकीची काजळी कोमट पाण्यानं पुसा, असं तुम्ही कधीच सांगितलं नसतंत. खोलून पाहिल्यावर कळलं. काडतूस उचलणाऱ्या पट्टीखाली तांदळाचे चार दाणे होते, हळद लावलेले. दट्ट्यावर कुंकू आणि काहीतरी गोड चिकट वाळून बसलेलं. आणि शेवंतीची एक पाकळी.

स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "बाबा, माझं कपाट कुणी उघडलं?"

बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, "खंडेनवमीला. पूजेला."

"किल्ली कुठून आली?"

"तुझ्या मामानं दिली. गणपतीला आला होता तेव्हाच मागून ठेवली होती."

आई म्हणाली, "अगं, छान पाटावर लाल कापड घालून ठेवली होती. बाबांचे पाने, माझी कात्री, आणि मधोमध तुझी बंदूक. इतकी शोभत होती! नारळाचं पाणी माझ्या हातून जरा जास्त शिंपडलं गेलं असेल."

"आई, तो गुन्हा आहे!"

"पूजा?"

मी त्या दिवशी मैत्रिणीच्या लग्नाला एक्सिटरला होते. मी नसताना माझं कपाट उघडलं गेलं आणि बंदूक सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिवाणखान्यात पाटावर पडून होती. कुलकर्णी काका-काकू पाया पडायला येऊन गेले म्हणे.

आई-बाबांना कायदा माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्याच कायद्यात आयुष्य काढलंत. आणि मी टेरीसमोर मान खाली घालून उभी राहिले, तुम्हाला पत्र लिहिलं, तेव्हा तुमच्या लगेच लक्षात आलं असणार. तरी तुम्ही मलाच झापलंत, आणि वर "फेकून दे, कळवू नको". चूक लपवायला मला हाताशी धरलंत.

सही माझी आहे. मी पोलिसांना कळवणार आहे.

चैत्राली

*

इल्फर्ड,
८ नोव्हेंबर २००६

चैत्राली,

हो, दिली. लपवलं, तेही खरं. आता माझंही ऐकून घे.

तुझे बाबा, विष्णुपंत, सव्वीस वर्षं छापखान्यात एकाच मशीनवर उभे राहिले. दरवर्षी खंडेनवमीला आपला पाना पूजत आले. या जुलैत छापखाना बंद झाला. गणपतीला मला गच्चीवर नेऊन कानात ओरडून म्हणाले, "यंदा घरात कामाचं हत्यार एकच उरलंय, माझ्या मुलीचं. वर्षातून एक दिवस हात जोडू दे." नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. काडतुसं तू वेगळी कुलपात ठेवतेस हे मला माहीत होतं. बंदूक रिकामी होती. कुणाला खरचटलंही नाही.

तू कायदा शिकवतेस? घरातले सगळे फॉर्म तू भरतेस. बँकेचे, कौन्सिलचे, डॉक्टरचे. "बाबा, इथे सही करा." ते करतात. सर्टिफिकेटच्या कागदावर काय लिहिलं आहे, ते कधी त्यांना मराठीत वाचून दाखवलंस? हात लावू का विचारलं तर म्हणालीस "नियम आहेत". कोणते, ते सांगितलंस? पदवी घेतलीस आणि घरच्यांना फक्त सहीपुरतं ठेवलंस.

आता पोलिसांना लिहिलंस तर काय होईल ते बघ. तुझी बंदूक उद्याच घेऊन जातील. शनिवार गेला, नोकरी गेली. आणि माझी दुनळी जाईल. दुकानात मोडीत निघालेल्या दोन बंदुकांचे भाग जुळवून, अकरा वर्षं जेवणाच्या सुट्टीत मी ती घडवली. दुसरं काही माझ्या हातचं माझ्याकडे नाही.

शनिवारपर्यंत गप्प राहा. मग कुलूप बदल, आणि मला हवं ते बोल.

मुरलीधर

*

वॉटफर्ड,
१९ नोव्हेंबर २००६

मामा,

मी शनिवारपर्यंत गप्प राहिले नाही.

तुमचं पत्र वाचून एवढा राग आला की ते चुरगळून टाकलं. कारण फॉर्मबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं होतं. मग पोलिसांना जे पत्र लिहिलं ते आधी टेबलाशी बसून आई-बाबांना मराठीत वाचून दाखवलं, आणि सर्टिफिकेटवरच्या अटी, एकेक. तिसऱ्या अटीला बाबांनी थांबवलं. म्हणाले, "म्हणजे मी हात लावला त्याबद्दल तुला शिक्षा?"

म्हटलं, "हो."

"हे आधी सांगितलं असतंस तर मी बंदुकीच्या तसबिरीची पूजा केली असती."

किती सोपं होतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बाबांनी शेवटी इंग्रजीत एक ओळ स्वतः लिहिली, "माझ्या मुलीला हे माहीत नव्हतं", आणि सही केली. न वाचता नाही, दोनदा वाचून.

पण म्हणून तुमच्यावरचा राग गेला असं समजू नका. बाबांनी श्रद्धेनं मागितली. तुम्ही जाणून दिलीत आणि एका मुलीला तिच्याच बंदुकीवर, तिच्याच हातावर शंका घ्यायला लावलीत. रात्रंदिवस मला वाटत होतं की मलाच नीट साफ करता येत नाही.

पत्रात तुमचं नाव आहे. ते वगळून खरं लिहिता येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पत्र पोलीस ठाण्यात नेऊन दिलं, दुपारी अधिकारी येऊन बंदूक आणि सर्टिफिकेट घेऊन गेला. शनिवारी मी रिकाम्या हातांनी शेतावर गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक दिवस थांबली असतीस." सगळे हेच का म्हणतात? टेरी मात्र हसला नाही. पूर्वेकडची शेतं त्यालाच दिली आहेत.

चैत्राली

*

इल्फर्ड,
२ डिसेंबर २००६

चैत्राली,

परवा तुझ्या पत्राची फळं आली. अधिकारी पंचविशीचा असेल. दुनळी उलगडायची कशी हे त्याला येत नव्हतं. मी दाखवलं. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, जुन्या चादरीत गुंडाळून दिलं. त्यानं पावती दिली. तुझी मामी पाटीवर काहीच लिहीत नाही.

तू बरोबर वागलीस, हे मला कुणी सांगायला नको. पण मला पत्र लिहू नकोस.

मुरलीधर

*

वॉटफर्ड,
११ फेब्रुवारी २००७

ती. मामा,

तुम्ही लिहू नको म्हणालात, तरी लिहिते. उत्तर नसलं तरी चालेल, सही हवी आहे.

माझी बंदूक आणि सर्टिफिकेट कडक समज देऊन परत दिली. आता कपाटाच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडेच. साहेबांनी कंत्राट सहा महिने वाढवलं आहे. कायमचं नाही.

आईकडून कळलं की तुमचं सर्टिफिकेट रद्द झालं, आणि पोलिसांचं पत्र तुम्ही उघडून तसंच ड्रॉवरमध्ये टाकलंत. मामा, एकवीस दिवसांत कोर्टात अपील करता येतं. आठ दिवस उरले आहेत. अर्ज मी भरला आहे, सोबत मराठीत लिहून ठेवला आहे. तुमची तीस वर्षांची नोकरी, एकही तक्रार नाही, दुनळी कशी घडवलीत, सगळं आहे. कारणाच्या जागी लिहिलं आहे की वय आणि बहिरेपणामुळे विष्णुपंत नक्की काय मागताहेत हे तुमच्या नीट लक्षात आलं नाही आणि किल्ली चुकून दिली गेली. वकिलाच्या मते यावर अपील मंजूर होईल.

माझ्यावर रागावलेलेच राहा. मीही आहे. पण सही करा.

चैत्राली

*

इल्फर्ड,
१४ फेब्रुवारी २००७

चि. चैत्राली,

अर्ज दोनदा वाचला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. सही करून परत पाठवतो आहे. दुनळीचं वर्णन चांगलं आहे. फक्त नळ्या तीस इंचांच्या नाहीत, अठ्ठावीसच्या. दुरुस्त केलं आहे.

कारणाच्या जागेवरचा मजकूर मी खोडला. मी बहिरा आहे, खुळा नाही. विष्णुपंत कानात ओरडले होते, मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. तिथे मी माझ्या हातानं लिहिलं आहे, "मागितलेली वस्तू काय आहे हे मला पूर्ण माहीत होतं. कायदाही माहीत होता. मी जाणूनबुजून दिली आणि नंतर भाचीपासून लपवली."

तुझा वकील म्हणेल, आता अपील गेलं. जाऊ दे. नोव्हेंबरमध्ये तू मला गुन्हेगार म्हणालीस, ते मी सोसलं. आता मला वाचवायला म्हातारा बावळट ठरवतेस, आणि तेही माझ्या सहीच्या वर? हे मी सोसणार नाही. स्वतःच्या सहीवर तू नोकरी पणाला लावलीस. माझ्या सहीची किंमत तुझ्या सहीपेक्षा कमी नाही.

अर्ज असाच पाठव. एक अक्षर बदलू नकोस.

मामा